कमलाबाईंचा बटाटा आणि इलेक्ट्रॉनची वाट

इंग्लंडमधल्या केंब्रिजला २०२१ साली एका घरात, खिडकीतून येणाऱ्या साध्या उजेडात, पेन्सिल सेलएवढी एक डबी ठेवलेली होती. डबीत पाणी, पाण्यात वाढणारे नीलहरित शेवाळ आणि ॲल्युमिनियमचा इलेक्ट्रोड. या डबीच्या विजेवर एक छोटा मायक्रोप्रोसेसर सहा महिन्यांहून अधिक काळ चालला. पंचेचाळीस मिनिटे आकडेमोड, पंधरा मिनिटे विश्रांती, पुन्हा आकडेमोड. रात्री अंधार पडला तरी तो बंद पडला नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या जैवरसायनशास्त्र विभागातील क्रिस्टोफर हाउ, पाओलो बोम्बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ च्या मे महिन्यात हा प्रयोग प्रसिद्ध केला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत शेवाळावर चालणाऱ्या संगणकाच्या बातम्या झळकल्या.

नीलहरित शेवाळ म्हणजे सायनोबॅक्टेरिया. नाव शेवाळाचे असले तरी जात जिवाणूची. फुटाळ्याच्या किंवा अंबाझरीच्या काठावरील ओल्या दगडांवर पाय घसरवणारा जो हिरवट थर असतो, त्यात या कुळातले जीव सापडतात. सूर्यप्रकाश खाऊन ते जगतात आणि जगता जगता थोडे इलेक्ट्रॉन बाहेर सोडतात. ते इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडने झेलले की वीज झाली. किती? आकडेमोडीच्या वेळी त्या मायक्रोप्रोसेसरला लागत होती ०.३ मायक्रोवॅट. घरातला ९ वॅटचा एक एलईडी दिवा लावायचा तर याच्या तीन कोटी पट वीज हवी. बातम्यांत हा गुणाकार कुणी करीत नाही, म्हणून तो इथे केला. शिवाय ही सगळी वीज शेवाळाचीच, की शेवाळाच्या सहवासात ॲल्युमिनियम हळूहळू झिजल्यामुळे मिळालेली, हा प्रश्न खुद्द संशोधकांनीच आपल्या निबंधात मोकळा ठेवला आहे.

पण रात्रीची गोष्ट लक्ष वेधून घेणारी आहे. ऊन नसताना हे जीव वीज देतात ती कशाच्या जोरावर? दिवसा साठवलेले अन्न रात्री जाळून, म्हणजे श्वसनाने. आणि या श्वसनाच्या वाटेवर शेवटी उभे असलेले जे विकर, म्हणजे एन्झाइम, ते फुलझाडांच्या पेशींतही असते हे दाखवणाऱ्या दोन संशोधकांपैकी एक मराठी मुलगी होती. याच केंब्रिजमध्ये, याच विभागात, १९३९ साली. तिचे नाव कमला भागवत. पुढे महाराष्ट्र तिला डॉ. कमला सोहोनी म्हणून ओळखू लागला.

कमलाबाईंचा जन्म १९११ चा, इंदूरचा. भागवतांच्या घरात रसायनशास्त्र होतेच. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेले. घरात दुसरी मुलगी होती दुर्गा. साहित्य आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासक दुर्गा भागवत त्या याच. आणीबाणीत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सत्तेला न घाबरणाऱ्या दुर्गाबाई मराठी वाचकाला सांगायला नकोत. हा पीळ धाकट्या बहिणीतही होता. तो दिसला मात्र चाळीस वर्षे आधी, आणि सत्तेपुढे नव्हे तर एका नोबेल विजेत्यापुढे.

१९३३ साली कमला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. रसायनशास्त्र मुख्य, पदार्थविज्ञान जोडीला, गुणवत्ता यादीत पहिली. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच पुढे जायचे, हे तिने धरून ठेवले होते. अर्ज केला. नकार आला. कारण गुणांचे नव्हते, मुलगी असण्याचे होते. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नागपूरकरांना रामन परके नाहीत. वित्त खात्याच्या नोकरीत असताना १९१० साली त्यांची बदली नागपूरला झाली होती, आणि वर्षभराच्या आत ते इथून कलकत्त्याला गेले. १९३० चे नोबेल मिळाल्यानंतर, १९३३ साली ते बंगळूरच्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. प्रकाशाच्या बाबतीत एवढी बारीक नजर असलेला हा माणूस प्रयोगशाळेत बाईला जागा द्यायला तयार नव्हता.

वडील-काकांनी रदबदली करून पाहिली. उपयोग झाला नाही. मग मुलगी स्वतःच बंगळूरला गेली आणि प्रवेश का नाही याचे कारण लेखी मागू लागली. गांधीजींच्या चळवळीचे दिवस होते. तिने रामन यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह केला. रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्षभर ती नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नाही, काम पाहून मग ठरेल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये. शेवटची अट तिच्या मनात जन्मभर सलत राहिली. उतारवयात एका सत्काराच्या वेळी तिने ती बोलून दाखवली. रामन शास्त्रज्ञ म्हणून मोठे, पण मनाने कोते होते, असाच तिचा एकंदर सूर होता. प्रवेश मिळाल्याच्या आनंदापेक्षा अपमानच तिला अधिक आठवत होता.

मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवणारे. त्यांच्या हाताखाली दूध, डाळी आणि कडधान्ये यांच्यातील प्रथिनांवर तिने काम केले. १९३६ साली त्यावर मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली. तोपर्यंत रामन यांचेही मत बदलले होते आणि संस्थेची दारे मुलींना उघडली होती. एका मुलीने वर्षभर परीक्षा द्यावी आणि मग सगळ्यांना प्रवेश मिळावा, हा न्याय मजेशीर आहे. पण पुढच्या मुलींना त्याचा फायदा झाला हे खरे.

मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांवर १९३७ साली ती केंब्रिजला पोचली. जैवरसायनशास्त्राची डन इन्स्टिट्यूट तेव्हा सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स चालवत होते. जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले हेच ते हॉपकिन्स. प्रयोगशाळा भरलेली होती. डेरेक रिश्टर या तरुण संशोधकाने आपल्या टेबलावर तिला जागा दिली. डिसेंबर १९३७ मध्ये न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजात तिचे नाव दाखल झाले. रिश्टर दुसरीकडे गेल्यावर ती रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागली, आणि शेवाळाच्या डबीकडे नेणारी वाट इथून सुरू होते.

त्या काळचा प्रश्न असा होता. प्राणी अन्न जाळतात म्हणजे नेमके काय करतात? केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली दाखवले होते की पेशीत सायटोक्रोम नावाची लोहयुक्त रंगद्रव्ये असतात. आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांग लावतात आणि बादली हातोहात पुढे सरकते, तसे हे सायटोक्रोम इलेक्ट्रॉन एकमेकांकडे देतात. अन्नातून निघालेला इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सी पर्यंत येतो. रांगेतला शेवटचा गडी सायटोक्रोम ऑक्सिडेज. तो इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करतो आणि पाणी तयार होते. आपण श्वास घेतो तो या शेवटच्या गड्यासाठी. सायनाइड पोटात गेले तर माणूस मिनिटांत का मरतो, याचे उत्तरही इथेच आहे. सायनाइड या गड्याचा हात धरून ठेवते आणि सगळी रांग जागच्या जागी थांबते. फुप्फुसात हवा असते, रक्तात ऑक्सिजन असतो, पेशीला मात्र तो वापरता येत नाही.

हे प्राण्यांचे झाले. झाडांचे काय? झाडेही श्वसन करतात, पण त्यांच्या पेशीत असाच शेवटचा गडी आहे का, याबद्दल वाद होता. चिरलेला बटाटा किंवा वांगे थोड्या वेळात काळे पडते, हे स्वयंपाकघरात रोज दिसते. ते काम दुसऱ्याच एका विकराचे. वनस्पतीच्या श्वसनातही हेच काळे करणारे विकर मुख्य असावे, असे काही संशोधकांना वाटत होते. शिवाय बटाटा वाटून पाहायला जावे तर हे विकर मध्ये लुडबुड करते आणि बाकीचे झाकून टाकते. कमला भागवतने बटाटा आणि इतर वनस्पतींच्या पेशी घेऊन हा गुंता सोडवायला घेतला. वनस्पतींच्या ऊतींतही सायटोक्रोम सी असते, ते ऑक्सिडीकरणात भाग घेते, आणि त्याच्यापुढे सायटोक्रोम ऑक्सिडेजही असते, असे तिच्या कामातून दिसले. हिल आणि भागवत या दोन नावांनी ही गोष्ट १९३९ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात छापून आली. बटाटा आणि माणूस या बाबतीत एकाच रांगेतले निघाले.

प्रबंध टाइप केलेला अवघा चाळीस पानांचा. केंब्रिजला आल्यापासून चौदा महिन्यांत तो पुरा झाला आणि १९३९ साली पीएच.डी. मिळाली. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असे तिचे नाव घेतले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतील मिशिगनची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी १९३१ सालीच मिळाली होती, हेही त्याबरोबर ध्यानात ठेवावे. पहिलेपणाच्या याद्यांत पदवीच्या नावावरून असे घोळ होतात. चाळीस पानांची किंमत त्याने कमी होत नाही.

रॉबिन हिल यांच्या खोलीत त्याच सुमारास आणखी एक काम चालू होते. पानातील हरितलवके बाहेर काढून त्यांवर उजेड टाकला आणि सोबत लोहाचा एक क्षार दिला, तर ऑक्सिजन निघतो, असे त्यांना १९३७ पासून दिसत होते. म्हणजे पाणी फुटत होते आणि त्यातला इलेक्ट्रॉन बाहेरून दिलेला लोहक्षार घेत होता. ‘हिल अभिक्रिया’ म्हणून आज ती जीवशास्त्राच्या पुस्तकांत भेटते. क्षाराच्या जागी इलेक्ट्रोड ठेवला की जिवंत सौरघटाची मूळ कल्पना हातात येते. १९५१ साली हिल आणि स्कॅरिसब्रिक यांनी पानांतील सायटोक्रोमांचा निबंध ‘न्यू फायटोलॉजिस्ट’ या नियतकालिकात छापला. प्रकाशसंश्लेषणाच्या रांगेत काम करणारा सायटोक्रोम एफ त्यात आहे. त्याच खंडात, लगेच पुढच्या पानांवर, वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा भागवत आणि हिल यांचा सविस्तर निबंध आहे. एक निबंध उजेडातल्या रांगेचा, दुसरा अंधारातल्या. तोपर्यंत कमलाबाई लग्न होऊन मुंबईत स्थिरावल्या होत्या, तरी निबंधावर नाव माहेरचेच आहे.

झाडात या दोन रांगा वेगवेगळ्या खोल्यांत असतात. प्रकाशसंश्लेषण हरितलवकात, श्वसन तंतुकणिकेत. नीलहरित शेवाळाच्या इवल्याशा पेशीत एवढ्या खोल्या नाहीत. तिथे दोन्ही रांगा एकाच पडद्यावर उभ्या असतात आणि काही गडी तर सामाईक असतात. दिवसा पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन आणि रात्री अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एकाच वाटेने जातात. म्हणूनच केंब्रिजची डबी अंधारात बंद पडली नाही.

याच विभागात २०१३ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग आहे, ज्याची बातमी फारशी कुठे झाली नाही. हाउ यांच्या गटाने नीलहरित शेवाळाचे असे वाण वापरले, ज्यांत सायटोक्रोम ऑक्सिडेज आणि त्याच्या जोडीची शेवटची विकरे जनुकीय बदल करून काढून टाकली होती. रांगेच्या टोकाला इलेक्ट्रॉन घेणारा गडीच नाही. मग इलेक्ट्रॉन जाणार कुठे? ते अधिक प्रमाणात बाहेर पडले आणि वीज वाढली. कमला भागवतने जो गडी बटाट्यात शोधून दाखवला, त्याला चौऱ्याहत्तर वर्षांनी रांगेतून बाजूला केल्यावर शेवाळ अधिक वीज देऊ लागले. शोध लावणाऱ्यांना तेव्हा विजेचा विचार शिवलाही नसेल. प्रश्न श्वसनाचा होता, विजेचा नव्हता.

कमलाबाईंना इंग्लंडमध्ये राहून काम करता आले असते. पण देश पारतंत्र्यात होता आणि गांधीजींचा विचार त्यांच्यावर रुजलेला होता. १९३९ सालीच त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जैवरसायनशास्त्राचा नवा विभाग उघडला होता, तिथे त्या प्रमुख झाल्या. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. जीवनसत्त्वांवर तिथे काम झाले, निबंध छापले गेले, पण पुढची वाट बंद दिसत होती. १९४७ साली विमागणितज्ज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जैवरसायनशास्त्राचा विभाग सुरू होत होता, तिथे त्या प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या.

सायटोक्रोम तिथे मागे पडला. मुंबईत त्यांनी निवडले ते गरिबाच्या ताटातले विषय. कडधान्यांत प्रथिने भरपूर, पण कच्ची कडधान्ये पचत नाहीत, कारण ट्रिप्सिन हे आपल्या पोटातील पाचक विकर अडवणारी द्रव्ये त्यांत असतात. भारतीय खाद्यपदार्थांतील अशा द्रव्यांवर कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी १९५० च्या दशकात पद्धतशीर काम केले. वालासारख्या कडधान्यातील हे द्रव्य वेगळे काढून तपासले. डाळ शिजवायची ती नुसती मऊ होण्यासाठी नाही, या द्रव्यांची नांगी मोडण्यासाठीही. आजी कडधान्य भिजवून, मोड आणून, चांगले शिजवून घाली त्यामागचे हे रसायन.

दुसरा विषय नीरा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी तो घेतला. नीरा म्हणजे ताड-शिंदीचा पहाटे उतरवलेला गोड रस. ऊन चढले की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाने ताडगुळाचे काम आधीच उभे केले होते, त्यामुळे विदर्भाला हा विषय ओळखीचा. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह चांगल्या प्रमाणात असते, आणि ते बराच टिकून राहते, असे त्यांच्या प्रयोगशाळेत दिसले. कुपोषित आदिवासी मुली आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेच्याही त्या सल्लागार होत्या. दूध नासू नये म्हणून त्यांनी तिथे कार्यपद्धती बसवून दिली.

संस्थेचे संचालकपद मात्र सरळ मिळाले नाही. पात्रता असूनही अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षे ते त्यांच्यापासून दूर ठेवले गेले. शेवटी ते मिळाले तेव्हा केंब्रिजमध्ये टेबल वाटून घेणाऱ्या डेरेक रिश्टर यांना मनापासून आनंद झाला. एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेची पहिली स्त्री संचालक, हे त्यांना त्या चाळीस पानांइतकेच मोठे वाटले असावे.

निवृत्तीनंतर कमलाबाई भेसळीच्या मागे लागल्या. मुंबईत काही स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संघटना स्थापली होती, तिच्या त्या संस्थापक सदस्य. १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या. संघटनेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत असत. प्रयोगशाळेची भाषा बाजाराच्या पिशवीपर्यंत आणायची, हे त्यांना जमत होते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना कमलाबाईंच्या कामाची नव्याने ओळख झाली. एवढ्या ज्येष्ठ संशोधिकेचा सत्कार आपल्या हातून व्हावा म्हणून त्यांनी कमलाबाईंना दिल्लीला बोलावले. सत्काराचा समारंभ चालू असतानाच कमलाबाई कोसळल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २८ जून १९९८ रोजी, त्यांचे निधन झाले.